डोंगर की किनारा? आधी गुडघ्याला विचारा

पत्र असं आहे:

"आम्ही पाच मैत्रिणी, विशीपासूनच्या. आता पन्नाशीला टेकलो. गेल्या वर्षी पहिल्यांदाच जहाजाच्या सहलीला गेलो होतो. वाटेत एका बेटावर जहाज दिवसभर थांबलं. सगळं मीच आखलं होतं: सकाळी धबधब्यापर्यंत चढण, दुपारी समुद्र. आमच्यातल्या एकीचा गुडघा दुखतो. तिला म्हटलं, 'अगं चल गं, हळूहळू जाऊ.' हळूहळू जाता जाता दुपार झाली. किनाऱ्यावर जेमतेम पंचवीस मिनिटं मिळाली. परतीला टॅक्सी मिळेना, शेवटी धक्क्यावरून जहाजापर्यंत अक्षरशः पळालो. त्या रात्री टेबलावर कोणी कोणाशी बोललं नाही.

यंदा जानेवारीत पुन्हा निघतोय, फ्लोरिडाहून. कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया बेटावर जहाज सकाळी आठ ते संध्याकाळी पाच थांबणार आहे. मला आणि आणखी एकीला तिथला ग्रो पितों डोंगर चढायचाच आहे. दोघींना पाण्यात डुंबायचंय, त्यातली एक गुडघेवाली. पाचवी म्हणते, 'मला काहीही चालेल.' सगळ्यांनी एकत्र राहावं की वेगळं व्हावं? आणि गुडघेवालीला 'तू येऊ नकोस' हे न दुखवता कसं सांगू? बाकी उत्साह दांडगा आहे. एकीने पाचही जणींसाठी लष्करी छापाच्या पँटी आणि टोप्या आणून ठेवल्यात!
— घड्याळवाली"

प्रिय घड्याळवाली,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण खरा प्रश्न तोच आहे. "येऊ नकोस" हे तुम्ही सांगायचंच नाही. गेल्या वर्षी "चल" तुम्ही ठरवलंत, यंदा "नको" तुम्हीच ठरवताय. दोन्ही वेळा गुडघा तिचा आणि निर्णय तुमचा. त्या रात्री टेबलावर जो अबोला होता तो उशिराचा होता असं तुम्हाला वाटतंय. मला नाही वाटत. पण त्याकडे नंतर येऊ, आधी तुमचा ग्रो पितों बघू.

आठ ते पाच म्हणजे नऊ तास हा हिशेब कागदावरचा. आठ वाजता जहाज धक्क्याला लागतं. बंदराची परवानगी, शिडी लागणं, आणि तुमच्याआधी दारात उभी असलेली हजारेक माणसं, यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. दुसऱ्या टोकाला, पाचला जहाज सुटतं म्हणजे तुम्ही पाचला पोहोचायचं असं नव्हे. परत चढायची शेवटची वेळ बहुधा सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते, कधी त्याहूनही आधीची. ती आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकावर छापलेली असते आणि उतरताना दाराशीही लावलेली असते. म्हणजे साडेआठ ते साडेचार. त्यातून परतीचा एक तास गंगाजळी म्हणून बाजूला ठेवा, त्याला हात लावायचा नाही. उरले सात.

आता ग्रो पितों. उंची आठशे मीटरच्या आसपास. शेजारचा पेटी पितों आणि हा मिळून २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तुमचं जहाज लागणार कॅस्ट्रीज बंदराला, बेटाच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात, आणि डोंगर आहे नैर्ऋत्येला, सूफ्रिएर गावाच्या पुढे. नकाशावर बोटभर अंतर दिसतं, पण रस्ता वळणावळणाचा, चढउताराचा. एका बाजूला सव्वा ते दीड तास धरा. चढायला वाटाड्या सोबत घ्यावाच लागतो, आणि चढून-उतरून चार तास तरी लागतात. पन्नाशीच्या पायांना पाच धरू. दीड, पाच आणि दीड: झाले आठ. तुमच्याकडे सात आहेत. समुद्र अजून हिशेबात आलेलाच नाही.

डोंगराच्या वेळेचा अंदाज बांधायला एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला: सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला वरून आणखी एक तास. कुठल्याही बेटावरची वाट निवडताना हा हिशेब घरी बसून करता येतो. फक्त नेस्मिथने धडधाकट माणूस आणि चांगली वाट गृहीत धरली होती. दम खायला थांबणं, फोटो, बुटाची नाडी, "जरा पाणी दे गं" यातलं काहीच त्यात नाही. उष्ण दमट हवा, मुळं आणि दगडांच्या ओबडधोबड पायऱ्या असतील तर उत्तर सरळ दुप्पट करा. तुमच्या धबधब्याला काय झालं होतं ते आता कळेल. तुमची मैत्रीण हळू नव्हती हो, तुमचा हिशेब वेगवान होता.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते: या दिवशी, या पाच जणींनी ग्रो पितोंच्या नादाला लागू नये. डोंगर वाईट नाही. तो त्या बेटावर राहायला जाणाऱ्याचा डोंगर आहे, नऊ तासांच्या पाहुण्याचा नव्हे. एकाच दिवसात डोंगर, समुद्र, बाजार, सगळंच घेऊ गेलं की एक ना धड, भाराभर चिंध्या.

मग काय करायचं? जागा अशी निवडा की चढणाऱ्या आणि बसणाऱ्या एकमेकींना दिसत राहतील. बंदरावर उतरून मैत्रिणींबरोबर दिवस घालवायचा असेल तर मी पहिल्यांदा हेच बघते. आधी डोंगर ठरवून मग माणसं त्यात कोंबायची नाहीत.

कॅस्ट्रीजहून उत्तरेला, अर्ध्या तासाच्या आत, पिजन आयलंड आहे. नाव बेटाचं असलं तरी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भराव घालून ते मुख्य बेटाला जोडलं गेलं, आता गाडी थेट दारापर्यंत जाते. त्यावर दोन टेकड्या. एकीवर फोर्ट रॉडनीचे अवशेष, दुसरी थोडी उंच, सिग्नल पीक. आणि पायथ्याशी दोन छोट्या पुळणी. हवा स्वच्छ असेल तर वरून समोर शेजारचं मार्टिनिक बेट दिसतं. ब्रिटिश ॲडमिरल रॉडनी इथूनच मार्टिनिकमधल्या फ्रेंच आरमारावर नजर ठेवून असे. एप्रिल १७८२ मध्ये फ्रेंच जहाजं निघाल्याची खबर मिळताच तो इथल्या उपसागरातून त्यांच्या पाठलागावर निघाला आणि सेंट्स बेटांजवळच्या लढाईत त्याने त्यांना हरवलं. तुम्हाला घड्याळाची आवड आहे म्हणून सांगते, त्या टेकडीचा सगळा इतिहास वेळेवर निघण्याचा आहे.

तुम्ही दोघी चढणाऱ्यांनी दोन्ही टेकड्या कराव्यात. उंची शंभरेक मीटरच, पण सिग्नल पीकचा शेवटचा टप्पा उभा आणि दगडाळ आहे, पायात चपला नकोत. आरामात वर-खाली करायला दीड तास पुरे. "एवढीशी टेकडी?" असं मनात आलं असेल. आलंच असेल. पण वरून खाली बघाल तेव्हा तुमच्या तिघी पाण्यात दिसतील, हात हलवतील, आणि दीड तासाने तुम्ही त्यांच्या शेजारी असाल. गेल्या वर्षी हे मिळालं होतं का?

पितोंचे ते दोन सुळके जवळून बघितल्याशिवाय तुमच्या जोडीदारणीला चैनच पडणार नसेल, तर दक्षिणेला जायचा एक मधला मार्ग आहे. सूफ्रिएरजवळ टेट पॉल नावाची छोटी निसर्गवाट आहे. पाऊण तासाचा फेरा, आणि वरून दोन्ही पितों समोर. ती करून जवळच्या पुळणीवर तासभर बसता येतं. पण येऊन-जाऊन तीन तास गाडीत जाणार, वळणं मोजत. कोणाला गाडी लागते का ते आधी विचारा. मी असते तर उत्तरेलाच गेले असते.

आणि तरीही ग्रो पितोंच हवा असेल, तर तुम्ही दोघींनीच जायचं, आणि जहाजाने स्वतः आयोजित केलेली सहल असेल तरच. जहाजाची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदराला पोहोचवायची सोय तेच करतात. तुम्ही स्वतः ठरवलेली गाडी उशिरा आली तर जहाज थांबत नाही. हे मी भीती घालायला सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर आठ प्रवासी खासगी सहलीवरून उशिरा परतले. जहाज अजून समोर नांगरलेलं होतं, डोळ्यांना दिसत होतं. त्यांना वर घेतलं नाही. खोलीत राहिलेले पासपोर्ट जहाज कंपनीच्या बंदरातल्या एजंटकडे देऊन जहाज निघून गेलं. ती माणसं देशामागून देश ओलांडत शेवटी सेनेगलमधल्या डाकारला जहाजावर चढली, जवळपास आठवड्याने. तेव्हा पासपोर्टची छायाप्रत, थोडी रोख रक्कम, रोजची औषधं आणि बंदरातल्या एजंटचा नंबर प्रत्येकीच्या पिशवीत असू द्या. एजंटचा नंबरही त्याच रोजच्या पत्रकावर असतो, सकाळी त्याचा फोटो काढून ठेवा.

आता घड्याळाकडे. तुमच्या टोपणनावाची चेष्टा करणार होते, पण तुमच्या प्रवासात इथे खरंच एक गोम आहे. सेंट लुसिया उन्हाळा-हिवाळा घड्याळ बदलत नाही. फ्लोरिडा बदलतं. जानेवारीत फ्लोरिडा बेटाच्या एक तास मागे असतं. जहाज आपलं घड्याळ बेटाप्रमाणे पुढे करतं की फ्लोरिडाचंच ठेवतं, हे जहाजाजहाजावर ठरतं. जहाजाने घड्याळ पुढे केलं आणि तुमचं मनगटी घड्याळ फ्लोरिडाच्याच वेळेवर राहिलं, तर तुमच्या हातावर साडेचार वाजतील तेव्हा जहाजावर साडेपाच वाजलेले असतील. उलट, जहाज फ्लोरिडाच्या वेळेवर राहिलं आणि मोबाइलने स्वतःहून बेटाची वेळ घेतली, तर तुम्ही तासभर लवकर याल, त्यात बिघडत नाही. म्हणून पाचही जणींनी उतरायच्या आधी जहाजावरचं घड्याळ बघून साधं मनगटी घड्याळ लावायचं. मोबाइलवर विसंबायचं नाही.

घड्याळ सांभाळायचं काम या वेळी तुमच्याकडे नको. हसू नका. गेली पंचवीस-तीस वर्षं तुम्हीच ते करताय असं दिसतंय. त्यामुळे बाकीच्या चौघी निर्धास्त असतात आणि तुम्ही सारख्या धास्तावलेल्या. हे काम "मला काहीही चालेल" म्हणणारीकडे द्या. तिला काहीही चालत नसतं, हे तुम्हालाही माहीत आहे. तिला काय हवंय ते ती संध्याकाळी सांगते, "मला खरं तर होडीतून जायचं होतं" असं, दिवस संपल्यावर. ताकाला जाऊन भांडं लपवणारी एक तरी प्रत्येक टोळीत असते. तिच्या हातात घड्याळ आलं की तिचं मत आपोआप बाहेर येईल. "आता उठा" हे ती म्हणेल, आणि ती म्हणाली की उठायचं.

तिला फक्त दोन वेळा द्या. पहिली, टेकडीवरून मागे फिरायची. डोंगरावर वेळ संपते ती शिखरावर पोहोचल्यावर, असं आपल्याला वाटतं. तसं नाही, ती ठरवलेल्या घटकेला संपते, मग शिखर दहा मिनिटांवर का असेना. दुसरी, पुळणीवरून निघायची: साडेचारला चढायचं असेल तर तीनला टॉवेल झटकायचे. साडेतीनऐवजी तीन, हा अर्धा तास मुद्दाम आधीचा आहे. कारण जहाजावरचे अर्धे लोक साडेतीनलाच किनाऱ्यावरून उठतात, त्यांच्याच गाड्या, त्याच एका रस्त्यावर.

टॅक्सीवरून आठवलं. मी एकदा मैत्रिणींबरोबर एका बेटावरच्या लांबच्या किनाऱ्यावर गेले. गाडीवाल्याला मोठ्या उदारपणे दोन्ही फेऱ्यांचे पैसे जातानाच देऊन टाकले. तो परत आला नाही. त्याचं चुकलं असेलही, पण "तीन वाजता" म्हणजे कोणत्या घड्याळाचे तीन, कोणत्या फाटकाशी, हे आम्ही विचारलंच नव्हतं. आम्ही एका दारात उभ्या होतो आणि तो बहुधा दुसऱ्या. तेव्हापासून नियम केलाय: भाडं बसायच्या आधी ठरवायचं, ते कोणत्या चलनात आणि पाच जणींचं मिळून की प्रत्येकीचं हेही, परतीचे पैसे परतल्यावर द्यायचे आणि भेटायच्या जागेचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये हवा.

क्रम मात्र तुमचा बरोबर होता: डोंगर आधी, पाणी नंतर. सकाळी ऊन कमी, पाय ताजे, आणि घामेजून उतरल्यावर समुद्रासारखं दुसरं काही नाही. दुपारकडे बेटांच्या डोंगरमाथ्यावर ढग जमतात, तेव्हा वर काही दिसत नाही आणि दगड निसरडे होतात. फक्त एक दुरुस्ती: लांबचं आधी, जवळचं नंतर. दिवस चढेल तसं तुम्ही जहाजाच्या जवळ यायला हवं. गेल्या वर्षीचा तुमचा किनारा नेमका दुसऱ्या टोकाला असणार.

पाण्याबद्दल दोन शब्द. कॅरिबियनमध्ये वारे बहुतेक वर्षभर पूर्वेकडून येतात, त्यामुळे बेटांची पूर्वेची, अटलांटिककडची बाजू खवळलेली आणि पश्चिमेची शांत. पिजन आयलंड वायव्येला आहे, म्हणून तिथे डुंबणं त्यातल्या त्यात सोपं. तरी पाण्याची ओढ आत नेतेय असं वाटलं तर किनाऱ्याकडे सरळ पोहत भांडू नका. तरंगत राहा, हात वर करा आणि किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाजूला या. चढून आलेले पाय पाण्यात पटकन गोळा येऊन धरतात, म्हणून उतरल्यावर अर्धा तास सावलीत बसा, पाणी प्या, मगच आत जा. सावली मात्र बघून निवडा. त्या भागातल्या पुळणींवर मँचिनील नावाचं झाड असतं, लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं येणारं. फळ विषारी आणि चीक अंगाला लागला तर फोड येतात. पावसात त्याखाली उभं राहिलं तरी पानांवरून ठिबकणारं पाणी भाजतं. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा किंवा पाटी असते, काही ठिकाणी काहीच नसतं. ओळखता येत नसेल तर सरळ छत्रीखाली बसा.

आता गुडघेवाली. आज-उद्या तिला फोन करा, बाकीच्यांना न सांगता. "गेल्या वर्षी मी तुला ओढत नेलं, ते चुकलं माझं," एवढं आधी म्हणा आणि गप्प राहा. "पण तेव्हा मला वाटलं की..." हे पुढे जोडू नका. मग विचारा, "यंदा अशी अशी टेकडी आहे, खाली पाणी आहे. तुला काय करावंसं वाटतं?" कदाचित ती म्हणेल की मी खालीच बसते. कदाचित म्हणेल की मला निदान किल्ल्यापर्यंत यायचंय. तसं म्हणाली तर हाताशी दोन काठ्या द्या. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, आणि काठ्यांनी तो बराच हलका होतो. वेग तिचा ठेवा, म्हणजे तिला पुढे चालू द्या. मागे राहिलेल्या माणसाला जेव्हा आपण थांबून "ये ये, घाई नाही" म्हणतो, तेव्हा ती पोहोचेपर्यंत आपला दम खाऊन झालेला असतो, आपण लगेच निघतो आणि तिला विश्रांती मिळतच नाही. गेल्या वर्षी असंच झालं असेल, पैजेवर सांगते.

आणि ती म्हणाली, "मला त्या दिवशी जहाजावरच झोपायचंय," तर तेही ऐका. बहुतेक प्रवासी उतरून गेलेले असतात, तरणतलाव रिकामा, सगळीकडे शांतता. मला विचाराल तर त्या पाच जणींतली सगळ्यात शहाणी तीच ठरेल.

एकत्र राहायचं की वेगळं व्हायचं, हा प्रश्न मी टाळला असं वाटत असेल. टाळला नाही. सकाळी दोन-अडीच तास वेगळ्या राहा, पण एकटी कोणीच नको. टेकडीवर दोघी आणि खाली तिघी ठीक आहे, पण तिसरी एकटीच बाजारात निघाली तर तिला परत कोण शोधणार? साडेअकराला पुळणीवर, ठरलेल्या छत्रीशी, सगळ्या. मोबाइलला रेंज असेलच असं धरू नका.

तुमची,
सदरलेखिका

ता. क.: त्या पँटी आणि टोप्या घरीच ठेवा. सेंट लुसियात, आणि कॅरिबियनमधल्या आणखी बऱ्याच बेटांवर, सैनिक नसलेल्यांनी लष्करी छापाचे कपडे घालणं कायद्याने गुन्हा आहे. जप्त होऊ शकतात, दंडही होऊ शकतो. जिने आणल्यात तिला हे सांगायचं काम मात्र तुमच्याकडे.